पाव, पुडिंग आणि पाणी

ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसांचा इतिहास आपण जो शिकलो तो साधारण असा. मिशनरी आले, त्यांनी शाळा काढल्या, छापखाने काढले. मग वादविवाद झाले. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री समोरासमोर उभे राहिले, पत्रकं निघाली, खंडनं-मंडनं झाली. काही लोक बाटले, आणि त्या धक्क्याने बाकीचा समाज जागा झाला. या सगळ्या गोष्टीत प्रत्येक जण सारखा बोलत असतो. जेवत मात्र कोणीच नाही!

गेले काही महिने मी या मंडळींनी स्वतः लिहिलेलं जमेल तसं वाचतेय. बाबा पदमनजींचं 'अरुणोदय', लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' (हे कितव्यांदा ते विचारू नका), पंडिता रमाबाईंची पत्रं. आणि वाचताना एक गोष्ट फार जाणवली. या लोकांच्या आयुष्यात देव एक की तीन, पाप म्हणजे काय, हे प्रश्न होतेच. पण त्यांचा खरा जीव अडकलेला दिसतो तो पावात, पाण्याच्या हंड्यात, अंडं घातलेल्या पुडिंगमध्ये. ताटात काय आहे, कोणाच्या हातचं आहे, ते नाही खाल्लं तर मी कोण आणि खाल्लं तर मी कोण?

आधीच सांगून टाकते, मी ख्रिस्ती नाही. फार धार्मिक म्हणावी अशीही नाही. पण विशी-पंचविशीतलं एखादं माणूस 'मी कशावर विश्वास ठेवू?' असं विचारायला लागतं तेव्हा त्याच्याभोवती काय काय घडतं, याचं मला फार कुतूहल आहे. कुठल्याही काळात, कुठल्याही धर्मात.

कारण ही सगळी पोरंच होती हो. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे धनजीभाई नवरोजी या पारशी मुलाचा बाप्तिस्मा झाला १८३९ साली, तेव्हा तो होता सोळा-सतरा वर्षांचा. नीलकंठशास्त्री गोरे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, वय तेवीस. बाबा पदमनजी १८५४ मध्ये बेळगावला, वय तेवीस. रमाबाई १८८३ मध्ये, वय पंचवीस. आपण त्यांचे पांढऱ्या दाढीतले किंवा पांढऱ्या लुगड्यातले फोटो बघतो आणि त्यांना जन्मतःच म्हातारे समजतो.

धनजीभाईच्या वेळी नातेवाईक कोर्टात गेले. मुलगा जाणता आहे, त्याने स्वतः ठरवावं, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. पारशी पालकांनी आपली मुलं विल्सनसाहेबांच्या शाळेतून काढून घेतली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. पुन्हा कोर्ट. श्रीपाद बारा वर्षांच्या आतबाहेरचा, म्हणून त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं गेलं.

इथे खरी गंमत सुरू होते, गंमत म्हणावं का हाही प्रश्नच. श्रीपादचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या हिशेबाने तो ख्रिस्ती नव्हता. पण तो मिशनऱ्याच्या घरी राहिला होता, तिथलं अन्नपाणी त्याच्या पोटात गेलं होतं. आता त्याला पंक्तीला घ्यायचं की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्यावं. केवढा गहजब झाला! मराठीतला पहिला संपादक, गणिताचा आणि ज्योतिषाचा जाणकार, आणि त्याच्या आयुष्यातल्या मोठ्या लढायांपैकी एक झाली ती एका पोराने काय खाल्लं यावरून.

'बाटणं' हा शब्दच बघा ना. तो मुळात देवघराच्या आधी स्वयंपाकघरात राहतो. पाणी बाटतं, भांडं बाटतं, आणि तसाच माणूस बाटतो. वसईकडे विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवल्याची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली असते. त्या गोष्टीत खरं किती ते बाजूला ठेवू. पण गोष्ट सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एक गोष्ट अगदी स्वाभाविक वाटते, की धर्म डोक्यातून जात नाही, घशातून जातो.

हे ओळखलं होतं परमहंस मंडळीने. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर (हो, मराठी व्याकरणाचे दादोबा) आणि त्यांच्या मित्रांनी ही गुप्त सभा काढली. जातिभेद मोडायचा, एकच देव मानायचा, हा तिचा उद्देश. सभासद व्हायचं तर परीक्षा कसली? पाठांतर नाही. ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. बस! मला ही कल्पना अजूनही फार धीट वाटते. सुशिक्षित तरुण, बंद दारामागे, हातात पावाचा तुकडा. तो तोंडात टाकेपर्यंत मनाची काय घालमेल होत असेल! आज आपण वडापाव खाताना ज्याचा विचारही करत नाही, तोच हा पाव.

पण मंडळी गुप्त होती. दारामागे पाव खाल्ला की तोंड पुसून घरी जायचं, सोवळ्यात जेवायला बसायचं. बाबा पदमनजी या मंडळीचे सभासद होते, आणि तिच्याविषयी आज जी माहिती मिळते तिच्यातली बरीच त्यांच्याच लिखाणातून. बेळगावच्या कासार घरातला हा मुलगा मिशनच्या शाळेत बायबल वाचत वाढला. मुंबईत शिकायला आला, आणि मनातून ख्रिस्ताकडे ओढला जात असूनही बराच काळ कुंपणावर बसून होता. त्याचं मन वाचताना एक गोष्ट सारखी डाचते. त्याला पटत नव्हतं असं नाही, पटलेलं उघडपणे जगता येत नव्हतं. रात्री एक आणि दिवसा एक, हे त्याला सोसेना. शेवटी ३ सप्टेंबर १८५४ ला त्याने बाप्तिस्मा घेतला आणि दार उघडलं ते उघडलंच. तीन वर्षांनी त्याने 'यमुनापर्यटन' लिहिलं, विधवांच्या हालांवरची मराठीतली पहिली कादंबरी. परमहंस मंडळीचं काय झालं? १८६० च्या सुमारास सभासदांची नावं बाहेर फुटणार असा बोभाटा झाला, आणि सभा बघता बघता विरली. काही वर्षांनी, १८६७ मध्ये, त्याच वर्तुळातून प्रार्थना समाज उभा राहिला, तो मात्र उघड.

कायद्याने एव्हाना थोडी सोय केली होती. १८५० च्या कायद्याप्रमाणे धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नव्हता. म्हणजे वडिलांची जमीन मिळेल. पण वडिलांच्या घरचं पाणी? ते कुठलं कोर्ट देणार?

आता रमाबाई. यांच्यावर जरा जास्त लिहिणार आहे, कारण हा सगळा विषय माझ्या डोक्यात शिरला तो त्यांच्या पत्रांमुळे.

अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. संस्कृत आईकडून शिकली. सगळं कुटुंब तीर्थं करत, पुराणं सांगत देशभर हिंडलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. उरलेले दोघं, रमा आणि भाऊ श्रीनिवास, चालत चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथे एका ख्रिस्ती मेळाव्याला त्यांना बोलावणं आलं. रमाबाईंनी पुढे लिहिलेली आठवण फार मजेशीर आहे. लोक खुर्च्यांवर बसलेले, चहा-बिस्किटं चाललेली, ब्राह्मणसुद्धा साहेबांबरोबर खातायत. या दोघांना वाटलं, कलियुग आलं ते हेच! मग प्रार्थना सुरू झाली तेव्हा सगळे खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसले. यांना वाटलं, हे लोक खुर्चीची पूजा करतात वाटतं. त्या दिवशी त्यांना संस्कृत बायबल भेट मिळालं. वाचलं, पण काही लागेना.

पुढचं वेगाने सांगते. भाऊ वारला. १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न, तेही दुसऱ्या जातीत. त्यांच्या पुस्तकांत रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाचं बंगाली पुस्तक सापडलं आणि त्या गोडीने वाचायला लागल्या. १८८२ च्या सुरुवातीला नवरा पटकीने गेला. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे बायकांच्या शिक्षणासाठी साक्ष दिली. वैद्यकी शिकायची म्हणून १८८३ मध्ये विलायतेला गेल्या. पुण्यात ओळख झालेल्या सिस्टरांच्या पंथाचा मठ इंग्लंडात वाँटेजला होता, तिथे उतरल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. त्या मुलीने परक्या देशात काही महिन्यांतच आत्महत्या केली. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

चरित्रांमध्ये साधारण इथे प्रकरण संपतं. 'आणि त्या ख्रिस्ती झाल्या.' पण पत्रं वाचली की कळतं, प्रकरण इथून सुरू होतं.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या आध्यात्मिक पालक. रमाबाई त्यांना पत्रांत 'आजीबाई' म्हणत. किती गोड वाटतं ना, मायेच्या नात्याने बांधलेलं! आणि या आजीबाईंशी त्यांनी पुढची दोन-तीन वर्षं जो वाद घातला, त्याला तोड नाही. वाद कशावरून? एक, पुडिंगवरून.

रमाबाई मांस-मासे खात नसत, अंडंही नाही. अंडं घातलेलं पुडिंग त्यांनी नाकारलं. सिस्टरांना वाटे, हा जातीचा अहंकार आहे, ख्रिस्ती झाल्यावर तरी तो गळून पडायला हवा. रमाबाईंचं उत्तर असं की, तुमच्या पुडिंगमध्ये नि दुधाअंड्यात माझा गर्व शोधायचा असेल तर शोधा बापडे. पण एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात राहायला गेली आणि कोणाला त्रास न होता आपल्या घरच्या रीतीने राहिली, तर तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल का? मी हिंदू बाई आहे आणि जमेल तितक्या माझ्या वाडवडलांच्या रीती मी पाळणार. ख्रिस्ताने मला पुडिंग खायला सांगितलेलं नाही. (हे शेवटचं वाक्य माझं हं! पण मतितार्थ तोच.)

एक क्षण थांबून बघा काय चाललंय. इकडे पुण्यात म्हणतायत, साहेबाचं खाल्लंस, बाटलीस. तिकडे वाँटेजला म्हणतायत, आमचं खात नाहीस, म्हणजे अजून पुरती आमची झाली नाहीस. दोन्हीकडचा धर्म एकाच ताटात बघतायत! आणि मध्ये पंचविशीतली एक विधवा, परक्या देशात, दुसऱ्याच्या घरी राहणारी, पदरात दोन वर्षांचं मूल. तिचं म्हणणं इतकंच, की माझं ताट माझं आहे.

दुसरा वाद क्रुसावरून. सिस्टरांनी गळ्यात घालायला दिलेल्या क्रुसावर लॅटिन शब्द असत. रमाबाई म्हणाल्या, मला लॅटिन येत नाही, माझ्या देशातल्या बायकांनाही येत नाही. अक्षरं हवीतच तर संस्कृत घाला. आणि मग एक अशी चपराक दिली की वाचताना मी मोठ्याने हसले. आमचे ब्राह्मण संस्कृतला देवाची भाषा समजतात, तसंच तुमचं लॅटिनचं झालंय की काय? मला संस्कृत हवी ती पवित्र म्हणून नाही, माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून.

तिसरा वाद जास्त खोल होता. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत आणि संस्कृत शिकवत होत्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीचं स्वप्न सुटलं होतं. पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवायची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातले बिशप बिथरले. हिंदी बाईने पुरुषांना शिकवलं तर तिकडे काय म्हणतील? रमाबाईंनी विचारलं, कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत मी पुरुषांनी भरलेल्या सभांमध्ये बोललेय, तेव्हा कोणाला विचारलं होतं? कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. शिवाय त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचे नियम, यांतलं जे त्यांना बायबलमध्ये स्वतः वाचून पटत नव्हतं ते मान्य करायला त्यांनी साफ नकार दिला. मे १८८५ मधल्या एका पत्राचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता लगेच दुसरं चढवून घ्यायची माझी इच्छा नाही. मला स्वतःची बुद्धी आहे, सदसद्विवेक आहे, आणि तो देवानेच दिलाय.

सिस्टर जेराल्डीन यांना मी खलनायिका करत नाहीये. त्यांचा जीव रमाबाईंवर होता, छोट्या मनोवर तर फारच. त्यांना खरोखर भीती वाटत होती की ही हट्टी मुलगी हातचं सोनं घालवून बसेल. आपल्याकडच्या आज्या-मावश्या यापेक्षा वेगळं काय करतात? 'तुझ्या भल्यासाठीच सांगतेय' या वाक्याला धर्म नसतो.

१८८६ च्या सुरुवातीला रमाबाई अमेरिकेला गेल्या, तिथे डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला हजर राहिल्या, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, बालविधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथे काय नियम केला असेल? प्रत्येक मुलीने आपले आचार आपण पाळावेत, कोणावर सक्ती नाही. वाँटेजला जे स्वतःसाठी मागितलं ते इथे मुलींना दिलं. पण त्या स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं. काही मुली येऊन बसायला लागल्या. १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, बऱ्याच मुलींना पालकांनी काढून नेलं.

दार उघडं ठेवणं ही सक्ती होती का? यावर आजही दोन्ही बाजूंनी भांडता येईल. एक पोरकी, आश्रयाला आलेली मुलगी आणि तिची लाडकी बाई, यांच्यात 'स्वखुशीने' या शब्दाला किती अर्थ उरतो, हा प्रश्न काही खोटा नाही. पण त्या मुलींना कोणी विचारलं होतं का, तुला काय वाटतं म्हणून? त्या सोळा-अठरा वर्षांच्या विधवा. सासरच्यांनी केस काढायचं ठरवलं, माहेरच्यांनी सदनात घालायचं ठरवलं, मग पुण्याने परत न्यायचं ठरवलं. मला राहून राहून वाटतं, दाराशी येऊन बसणं हे कदाचित त्यांच्यातल्या एखादीने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतः ठरवलेलं असेल.

याच पुण्यात थोडं आधी, १४ ऑक्टोबर १८९० ला, पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं मांडली गेली होती. कोणी घेतली, कोणी नुसती पुढ्यात राहू दिली. रानडे होते, लोकमान्य होते. नावं छापून आली आणि ग्रामण्य उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत गेलं. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं, आणि मित्रांनी त्यांना त्याबद्दल नावं ठेवली. पेलाभर चहा! हे मोठमोठे लोक जिथे डगमगले, तिथे श्रीपादसारख्या पोराचं किंवा सदनातल्या मुलींचं काय झालं असेल याची कल्पना करा.

आणि आता माझ्या लाडक्या लक्ष्मीबाई. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट आपल्याला माहीत असते. १८९३ मध्ये आगगाडीत एक साहेब भेटला, बायबल देऊन गेला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. टिळक वाद, चिंतन आणि कविता करत ख्रिस्तापर्यंत पोचले. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. लक्ष्मीबाईंना असला कुठलाच पूल नव्हता. त्यांच्या माहेरी सोवळं इतकं टोकाचं, की बाहेरून घरात येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय आत जात नसे. त्या वडिलांची ही मुलगी. नवरा ख्रिस्ती झाला आणि तिचं जगच फुटलं. काही वर्षं ती मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिली. मग त्याच्याजवळ नगरला गेली, पण वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पाण्याने. टिळकांनी सक्ती केली नाही. या माणसाचा लहरीपणा, तापटपणा 'स्मृतिचित्रे'च्या पानापानावर आहे, पण या एका बाबतीत त्यांनी थांबून राहायचं ठरवलं आणि थांबले.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत उलटा क्रम आहे, म्हणून तो मला इतका आवडतो. आधी ख्रिस्त आणि मग सोवळं सुटलं, असं झालं नाही. आधी त्यांच्या मनातून जात गेली. माणसामाणसांत हे अंतर देवाने घातलेलं नाही, आपण घातलंय, हे त्यांना स्वतः विचार करून, आजूबाजूच्या माणसांना बघून पटलं. दुसऱ्याच्या हातचं पाणी त्यांनी आधी घेतलं आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० साली. नवऱ्याच्या मागोमाग गेल्या असं वरून दिसतं. खरं तर त्या स्वतःच्या वाटेने, स्वतःच्या चालीने गेल्या, आणि ती वाट स्वयंपाकघरातून जात होती.

याचं पुढे काय झालं तेही थोडक्यात बघू. टिळकांनी ख्रिस्ताची भजनं लिहिली ती अभंगांत, ओव्यांत. चर्चमध्ये टाळ-मृदंग चालणार नाही असं म्हणणारे होतेच. आज मराठी चर्चमध्ये तबला-पेटीवर टिळकांची पदं म्हणतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणीही यावं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा 'ख्रिस्तायन' अर्धंच काय, पाव भागसुद्धा झालं नव्हतं. ते पुरं केलं कोणी? लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला नवऱ्याने न विचारता नव्या धर्माच्या दाराशी आणून सोडलं होतं, तिनेच त्याचं महाकाव्य पुरं केलं.

आणि रमाबाई? त्या शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या त्याआधी काम संपवलेलं होतं. एके काळी क्रुसावर संस्कृत हवी म्हणणारी ही पंडिता, कलकत्त्याने जिला 'सरस्वती' म्हटलं ती, संस्कृतप्रचुर शब्द मुद्दाम टाळून लिहायला बसली. विरोधाभास वाटतो, पण नाही. वाँटेजला असताना त्यांचं कारण होतं, माझ्या देशातल्या बायकांना लॅटिन कळत नाही. केडगावच्या बायकांना संस्कृत कळत नव्हती. कारण तेच राहिलं.

हे सगळं वाचून मला काय वाटलं? या मुलामुलींना 'तू कशावर विश्वास ठेवतेस?' हे फार थोड्या लोकांनी विचारलं. बाकी सगळ्यांनी विचारलं, तू काय खाल्लंस, कोणाबरोबर बसलास, गळ्यात काय घातलंयस. आणि हा प्रश्न घरच्यांनीही विचारला, नव्या घरच्यांनीही. पहिल्याला दुसरा प्रश्न समजण्याची ही सवय काही त्या काळाबरोबर संपलेली नाही. आपल्या नात्यागोत्यातसुद्धा एखादी भाची रविवारी चर्चमध्ये जाऊन बसते, एखादा पुतण्या विपश्यनेला जाऊन येतो, कोणी मांसाहार सोडतं, कोणी धरतं, आणि आपण लगेच ताटाकडे बघायला लागतो.

ताट बिनमहत्त्वाचं आहे असं मी म्हणत नाहीये. उलट या लोकांची श्रद्धा जगली ती ताटातच, रोजच्या रोज. पुडिंग नाकारताना रमाबाईंची जेवढी होती तेवढीच पाणी स्वीकारताना लक्ष्मीबाईंची होती. एकीने 'नको' म्हटलं, एकीने 'दे' म्हटलं. फक्त ते त्यांचं त्यांनी म्हटलं, आणि त्यासाठी टिळकांसारखं कोणीतरी थोडं थांबून राहिलं तर फार बरं होतं, एवढंच.

जाता जाता: नाताळात कोणा मराठी ख्रिस्ती मैत्रिणीकडे गेलात तर केकच्या बशीत करंजी नि चकली बघून चकित होऊ नका. त्या करंजीमागे बराच इतिहास आहे. आणि 'स्मृतिचित्रे' ज्यांनी अजून वाचलं नाही त्यांनी कृपा करून वाचा. (काकू, तुमच्याकडे माझी प्रत आहे, ती परत करायच्या आधी तरी!)